आधी टूरवाल्याच्या ताटात बघा

आमच्या उदगीरमध्ये कुणी श्रीलंकेला, थायलंडला नाहीतर बालीला निघालं, की पासपोर्ट हातात पडायच्या आधी लोक त्याला विचारतात, दानम्माकडं जाऊन आलास का. दानम्मा आमची शेजारीण. वयानं माझ्या आईएवढी, पण आमच्या दोन घरांची भिंत एकच, आणि त्या भिंतीच्या नात्यानं मी तिला अहो-जाहो करायचं लग्नानंतर वर्षभरातच सोडलं. अम्मा म्हणते आणि आईशी बोलावं तसं बोलते. तिच्याकडे कोण येतं, किती वेळ बसतं आणि उठताना त्याचं तोंड कसं होतं, हे मला घरबसल्या कळतं.

येणाऱ्याला ती आधी पाणी देते. मग ओसरीवर पाय मुडपून बसते आणि सुरू होते. "तिकडं आपल्यासारखं ऊन न्हाई. आपल्या उन्हात घाम वाळतो, तिकडं घामाला घाम येतो." त्यामुळे इरकल, काठाच्या साड्या घरी ठेवायच्या, पातळ सुती घ्यायचं आणि आतले कपडे जास्तीचे घ्यायचे, कारण धुतलेलं दोन-दोन दिवस वाळत नाही. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, म्हणून एक पंचा कायम पिशवीत. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी देवळाची फरशी तव्यासारखी तापते, म्हणून जुने मोजे जवळ ठेवायचे. बुद्धाकडं पाठ करून फोटो काढायचा नाही, तिथल्या माणसांना तो अपमान वाटतो. हिंडायचं ते सकाळी आणि उन्हं उतरल्यावर, मधे पडून राहायचं, लाज वाटून घ्यायची नाही. समुद्रात उतरायचं तर तिथल्या कोळ्याला विचारून, हॉटेलवाल्याला विचारून नाही. बायकांना ती जवळ बोलावून हळूच सांगते की चालायला निघायच्या आधी मांड्यांना खोबरेल लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी सोलून निघाल. हे कुठलाच टूरवाला सांगत नाही. लिंगायत असेल तर आणखी एक. गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट विमानतळाच्या यंत्रात वाजतं. घाबरून ते सामानाच्या पिशवीत टाकायचं नाही, पोलिसाला देवाचं आहे म्हणून सांगायचं, उघडून दाखवायचं आणि परत गळ्यात घालायचं.

एवढं ऐकून माणूस उठायला लागला, की दानम्मा त्याला हाताला धरून खाली बसवते. शेवटची सूचना राहिलेली असते.

ती सूचना तिला कशी सुचली ते मी सांगणार आहे. ऐकून कुणी म्हणेल, बाईनं सोडून द्यायला हवं होतं. सोडून देणाऱ्या माणसांचा मला कंटाळा आहे. ते सोडून देतात आणि आपण फार मोठे झालो असं त्यांना वाटतं. ज्यानं केलं तो मात्र पुढच्या दारात तेच करायला मोकळा होतो.

दानम्माचं माहेर बिलोलीचं. नवरा मल्लिनाथअप्पा, त्यांचं किराणा दुकान, एकुलता मुलगा हैदराबादला नोकरीत. शिक्षण बेताचं, दागिने बेताचे, आणि रूपही बेताचंच, असं तीच म्हणते. पण शेंगाचटणी कुटावी तर तिनंच. दाण्याला तेल सुटून चटणी लाल काळसर व्हायला लागली की तिचा वास भिंत ओलांडून माझ्याकडं येतो आणि माझी मुलं भाकरी घेऊन तिच्या दारात उभी राहतात. गल्लीच्या टोकाला लिंगायतांचा मठ आहे. तिथं दर अमावास्येला दासोह असतो, म्हणजे येईल त्याला पंगतीत जेवण. त्या पंगतीची चटणी कित्येक वर्षं दानम्माच कुटायची, माहेराहून आणलेल्या दगडी खलबत्त्यात. तो खलबत्ता तिनं मठालाच देऊन टाकला होता. अमावास्येला सकाळी न्हाऊन, कपाळाला भस्म लावून ती मठाकडं निघाली की तिची चाल बदलायची. एरवी कुणाच्या लग्नात ती मागच्या रांगेत बसायची, पण मठाच्या चुलीपुढं तिला कुणी सरक म्हणायचं नाही. तेवढा एकच मान तिच्या आयुष्यात होता, आणि तो तिनं कुणाकडं मागितलेला नव्हता.

मुलाच्या मनात आलं, आईला कुठंतरी न्यावं. श्रीलंकेत समुद्राच्या कड्यावर शंकराचं देऊळ आहे, ते तिला बघायचं होतं. लातूरचा शिवशंकर तेव्हा नवीनच परदेशाच्या टूरा काढत होता. सुखविहार नावाचं ऑफिस. स्वतः लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, जिभेवर साखर. घरी येऊन सांगून गेला की ही आपल्या माणसांची टूर आहे, आपला आचारी सोबत, स्वयंपाक शुद्ध शाकाहारी, अम्माला घरच्यासारखं वाटेल. मल्लिनाथअप्पांचे गुडघे धरलेले, म्हणून दानम्मा एकटीच गेली. आमच्या गल्लीतलं दुसरं कुणी नव्हतं, बाकी सगळे लातूर-सोलापूरकडचे.

तो आचारी हैदराबादच्या विमानतळावर दिसला नाही. शिवशंकर म्हणाला, पुढं येऊन राहिलाय. पुढं म्हणजे कुठं, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मग जेवण तिथल्या हॉटेलांत. भात, डाळ, भाज्या आणि ताटात डावीकडं लालभडक खोबऱ्याची चटणी. दानम्मा त्या चटणीवर भाळली. चटणीतलं माणूस ते, दुसऱ्याच्या हातची चांगली चटणी मिळाली तर तिला देव भेटल्यासारखं होतं. खोबरं ओळखलं, मिरची ओळखली, लिंबू ओळखलं, पण आत आणखी काहीतरी होतं, धुरकट, खोल. शिवशंकरला विचारलं. तो म्हणाला, आपलं दगडफूल असतं ना मसाल्यात, तशी इकडच्या झाडाची साल असते ती, खा अम्मा, बिनघोर खा.

आणि स्वतः? स्वतः रोज जेवायच्या वेळी हा गडी दानम्माच्या शेजारी येऊन बसायचा. तिनं घरून दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगाचटणी नेली होती. अम्मा, तुमच्या हातची दशमी म्हणजे माझ्या आईची आठवण, असं म्हणायचा आणि खायचा. दानम्मा खूष. आई नसलेलं लेकरू म्हणून आणखी वाढायची. तिचा डबा लवकर संपला आणि मग ती पूर्णच हॉटेलच्या जेवणावर आली. निघताना तिनं ती साल कुठं मिळते ते विचारलं, तेव्हा शिवशंकरनंच बाजारातून पुडी आणून तिच्या हातात ठेवली. आत लाकडाचे ढलपे असावेत तसे तपकिरी तुकडे.

पुढं काय झालं असेल ते ओळखणं अवघड नाही. अमावास्येला दानम्मानं मठात नवी चटणी केली. श्रीलंकेहून आणलेला मसाला म्हणून सगळ्यांना आधी वास दिला. पंगतीत वाढली. स्वामीजींनी दुसऱ्यांदा मागून घेतली. दासोहाचा कारभार नीलम्माकडं असतो, आडतवाल्यांची मोठी सून, बोलायला मऊ आणि वागायला कडक. तिनंही बोटं चाटली. पंगती उठल्यावर मठाचं मांजर आलं आणि खलबत्ता चाटायला लागलं. हाकललं तर परत आलं. काठी दाखवली तरी हलेना. नीलम्मा हसून म्हणाली, "मांजर कधीपासून मिरची चाटाया लागलं गं?" सगळ्या बायका हसल्या. दानम्मा हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडं आली. आम्ही मराठे. आमच्या घरी रविवारी मटण असतं, पावसाळ्यात सुकट, बोंबील. तेव्हा दानम्मा आपल्याकडची खिडकी ओढून घेते, रागानं नाही, सवयीनं, आणि दुसऱ्या दिवशी ती खिडकी उघडून माझी चौकशी करते. तिनं उरलेली पुडी माझ्यापुढं ठेवली.

"तुमच्या घरी खातेत. वास घेऊन सांग."

मी वास घेतला. आधी धूर होता, आणि धुराखाली ते होतं. क्षणभर वाटलं, साल आहे म्हणावं आणि विषय मिटवावा. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि माझं तोंड आधीच बोलून गेलं होतं.

"अम्मा, मासा हाय. वाळवून, धुरी देऊन लाकडावानी केलेला."

मला वाटलं ती ओकेल, रडेल, कपाळ बडवेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. गळ्यातली चांदीची डबी मुठीत घट्ट धरली. मग म्हणाली, "तो खात नव्हता, पुनम. माझ्या शेजारी बसून माझी दशमी खायचा. त्यानं एकदाबी त्या चटणीला बोट लावलं न्हाई."

मला त्या वेळी शिवशंकर समोर हवा होता. दगड मारला असता मी.

मठात जाऊन सांगायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती स्वतः गेली, सगळं सांगितलं. स्वामीजी भले माणूस. नकळत झालं ते पाप नव्हे म्हणाले, तीर्थ दिलं, भस्म लावलं. पण हेही म्हणाले की मठाच्या पंगतीत असं झालं हे बाहेर जाऊ नये, शेकडो माणसं जेवून गेलीत, कुणाकुणाला सांगत बसायचं. अळीमिळी गुपचिळी. भांडी घासून घेतली, स्वयंपाकघर धुतलं, आणि दानम्माचा खलबत्ता उचलून मठाच्या मागं लिंबाच्या झाडाखाली टाकला. नीलम्मानं तिला बाजूला घेऊन मऊ आवाजात सांगितलं की थोडे दिवस हात आवरता घ्या.

ते थोडे दिवस संपलेच नाहीत. एक अमावास्या गेली, दुसरी गेली, दानम्माला बोलावणं आलं नाही. कुणी वाईट बोललं नाही, तसं बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. हळदीकुंकवाला मठातल्या बायका आल्या, कुंकू लावून घेतलं आणि फराळाच्या ताटलीला हात न लावता उठल्या. नीलम्माच्या घरी पाठवलेली चटणीची बरणी भरलेलीच परत आली. आणि दानम्माला तोंड उघडायची सोय नव्हती, कारण आपली बाजू सांगायची म्हणजे मठाची अब्रू वेशीवर टांगायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ती आपल्या घरात चटणी कुटायची आणि माझ्या मुलांना द्यायची. भाकरी खाताना मुलांकडं अशी बघायची की मला उठून आत जावं लागायचं.

मल्लिनाथअप्पा म्हणाले, जाऊ दे. मी म्हटलं, त्याला फोन लाव आणि सात पिढ्यांचा उद्धार कर. तिनं दोघांचंही ऐकलं नाही.

"शिव्या दिल्या तर तो एक रात तळमळंल," ती मला म्हणाली, "आन् दुसऱ्या राती घोरंल. मला त्याला चार लोकांत बघायचाय."

तेव्हापासून तिनं सूचना सांगायला सुरुवात केली. मुलानं तिला मोबाइलवर आवाजाचे निरोप पाठवायला शिकवलं होतं. नात्यातलं कुणी बँकॉकला निघालं, त्याला तिनं पाणी, कपडे, औषधं, सगळं बोलून पाठवलं. तो निरोप पुढं गेला, त्याच्या पुढं गेला. नांदेडहून फोन यायला लागले, नायगावच्या एका डॉक्टरीणबाईचा आला, किल्लारीच्या साखर कारखान्यातली दोन जोडपी तर गाडी करून घरी आली. तिला तिकडं जे जे सोसावं लागलं होतं त्याची तिनं सूचना करून टाकली होती, म्हणून ऐकणाऱ्याला ती पटायची. आणि दर निरोपाच्या शेवटी ती गोड आवाजात म्हणायची, मी लातूरच्या शिवशंकरभाऊंच्या टूरनं गेले होते, म्हणून मला एवढं कळलं. तो गोडवा फक्त मला ओळखू यायचा. गळाला लावलेलं पीठ होतं ते.

आणि मासा लागला. मठातलं काहीच शिवशंकरच्या कानावर गेलेलं नव्हतं, मठानंच तशी काळजी घेतली होती. त्याला एवढंच दिसलं की उदगीरची एक म्हातारी फुकटात आपलं नाव जिल्हाभर करतेय. त्याचा फोन आला. नव्या टूरच्या प्रवाशांचा मेळावा आहे लातूरला, मंगल कार्यालय घेतलंय, अम्मा, तुम्ही स्टेजवर येऊन चार सूचना सांगा, लोकांचा विश्वास बसतो. दानम्मा फोनवर म्हणाली, येते की बाबा. फोन ठेवला आणि कित्येक महिन्यांनी मी तिला हसताना पाहिलं. चांगलं हसू नव्हतं ते, पण मला फार आवडलं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी तिनं मला खोबरं खवायला बसवलं. त्याआधी तिनं नारळाच्या वाट्या शेगडीच्या निखाऱ्यावर धरून करपू न देता धुरावल्या होत्या. मग खोबरं, लाल मिरची, मीठ, लिंबू. बाकी काही नाही. माझ्या डोळ्यांदेखत कुटली, म्हणून मी शपथेवर सांगू शकते. चटणी तयार झाल्यावर तिनं मला वास घ्यायला दिला. धुरकट, खोल. हुबेहूब.

"त्याला वाढीन," म्हणाली. "खाल्ली, तर मी म्हणंन मीच खुळी, त्याला खरंच ठावं नव्हतं. आन् न्हाई खाल्ली, तर सगळे बघतील."

आम्ही सकाळच्या बसनं लातूरला गेलो. तिनं एका डब्यात दशम्या घेतल्या होत्या, एका डब्यात चटणी, आणि वाटभर दोन्ही डबे मांडीवर. कार्यालय भरलेलं होतं. पहिल्या रांगेत नीलम्मा बसलेली होती. मठातल्या बायकांचा एक गट या टूरला निघाला होता आणि नीलम्मा त्यांची म्होरकी होती; चूक दानम्माची, टूरवाल्याची नव्हे, असंच ती धरून चालली होती. आम्हाला बघून तिनं पदर सारखा केला. दानम्मा सगळ्यांसमोर काय बोलेल या भीतीनं तिचा रंग उडाला होता. स्टेजवर शिवशंकर, आणि मधल्या खुर्चीत त्याचे वडील सिद्रामप्पा. डोक्याला पांढरा रुमाल, कपाळाला भस्माचे पट्टे, लिंगपूजेशिवाय पाण्याचा घोट न घेणारा जुना माणूस. खरं सांगायचं तर निम्मे लोक त्यांच्याकडं बघून पोराच्या टूरला येत होते.

दानम्मा बोलली फार छान. घामाला घाम येतो म्हटल्यावर लोक हसले. मोज्यांचं सांगितलं, लिंगाच्या डबीचं सांगितलं, तेव्हा सिद्रामप्पांनी मान डोलवली. बायकांनी मांड्यांना काय लावायचं ते माझ्याकडं येऊन विचारावं, एवढंच स्टेजवरून सांगितलं, त्यावरही हशा झाला. मग ती शिवशंकरकडं वळली आणि म्हणाली, याला माझी दशमी लई आवडती. डबा उघडला. त्यानं हसत हसत एक घेतली, तोडली, माइकवरच म्हणाला, अम्माच्या हातची चव जगात न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग तिनं दुसरा डबा उघडला आणि त्याच्यापुढं धरला. "आन् ही तिकडची. दशमीला लावून खा."

त्यानं वाकून पाहिलं. वास नाकात गेला असणार. हातातला दशमीचा तुकडा तसाच राहिला.

"अम्मा, आज माझा उपवास हाय."

मिशीला दशमीचा कण चिकटलेला होता. पुढच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. सिद्रामप्पांना ते आवडलं नाही. उपवास कसला, आत्ता तर खाल्लीस, अम्मानं एवढ्या लांबून मानानं आणलंय, खा, असं ते दरडावून म्हणाले. शिवशंकर खाईना. चोराच्या मनात चांदणं, ते असं भर दुपारी पडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दानम्मा डबा धरून तशीच उभी.

इथवर आम्ही ठरवल्यासारखंच झालं. पुढचं आमच्या ध्यानीमनी नव्हतं. पोरगा पाहुण्या बाईचा मान ठेवत नाही म्हणून म्हाताऱ्याला लाज वाटली. "द्या अम्मा, मला द्या," असं म्हणून सिद्रामप्पांनी डब्यात हात घातला, दोन बोटांवर चटणी घेतली आणि तोंडाकडं नेली.

शिवशंकरनं झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं. "अप्पा, खाऊ नका!"

माइक चालू होता. सगळ्या कार्यालयानं ऐकलं. सिद्रामप्पांनी विचारलं, काहून. त्यांनी पुन्हा विचारलं. तो नुसताच मनगट धरून उभा.

दानम्मानं माइक आपल्याकडं ओढला.

"बापाचा हात धरलास," ती म्हणाली. "माझा काहून न्हाई धरलास?"

मग तिनं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. आचारी आला नाही ते, झाडाची साल ते, पुडी हातात दिली ते, आणि हा तिच्या शेजारी बसून रोज काय खात होता ते. मागच्या रांगेतून औराद शहाजनीचे एक गृहस्थ उभे राहिले, आम्हीबी त्याच टूरमधी होतो म्हणाले. त्यांची बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली. दानम्मानं मठाचा म काढला नाही. एकदाच नीलम्माकडं पाहिलं, पुरतं पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

मग तिनं चटणीनं बोट भरून स्वतःच्या तोंडात घातलं. "ह्यात खोबरं, मिरची, मीठ, लिंबू. निखाऱ्यावर धरलं म्हणून वास हाय. खाल्ली असतीस तर तुझं काय बी बिघडलं नसतं. आता लोकहो, शेवटची सूचना ऐका. परमुलखात जेवाया बसलात की आधी टूरवाल्याच्या ताटात बघा. तो जे खात न्हाई, ते तुम्ही खाऊ नका."

सिद्रामप्पांच्या बोटांवर चटणी अजून तशीच होती. त्यांनी मुलाचा हात मनगटावरून काढला, ती चटणी खाल्ली, दानम्माला हात जोडले आणि मुलाकडं न बघता स्टेजच्या पायऱ्या उतरले. म्हाताऱ्याला उतरायला त्रास होत होता. शिवशंकर आधार द्यायला धावला, तर त्यांनी हात झिडकारला. मला त्या पोराची दया येते का म्हणून मी मनात शोधून पाहिलं. आली नाही.

म्हाताऱ्यानं खाल्ल्यावर लोक डब्यापुढं यायला लागले. ओळखीचे, अनोळखी, औरादचे ते गृहस्थसुद्धा. प्रत्येकाच्या तळहातावर दानम्मा चमच्यानं चटणी ठेवत होती. किती महिन्यांनी तिच्या हातचं बाहेरचं माणूस खात होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती. रांगेत शेवटी नीलम्मा आली. तिनं हात पुढं केला.

दानम्मानं डबा बंद केला.

"नीलम्मा, अमावास्या जवळ आली," ती म्हणाली. "आधी घरी येऊन बोलावून जा. मग वाढीन."

शिवशंकरचं ऑफिस आता कुणा दुसऱ्यानं घेतलंय, तिथं चष्मे मिळतात. तो जवळपासच्या देवस्थानांना बस नेतो असं कळतं. कोण बसतं त्यात, देव जाणे.

नीलम्मा दोन दिवसांनी आली. खण-नारळ घेऊन, स्वामीजींचा निरोप घेऊन. मी भिंतीपलीकडून उठून दारातच जाऊन उभी राहिले, असलं चुकवायचं नसतं. दानम्मानं तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि तू टूरला जाणार होतीस ना म्हणून सगळ्या सूचना पहिल्यापासून ऐकवल्या. कपडे, मोजे, पंचा, खोबरेल, काही सोडलं नाही. नीलम्मा खाली मान घालून ऐकत होती. ती उठायला लागली तेव्हा दानम्मानं तिला हाताला धरून पुन्हा खाली बसवलं.

"माझा खलबत्ता लिंबाखाली पडलाय. तो आत गेल्याबगर मी येत न्हाई. आन् तो दुसऱ्या कुणी उचलायचा न्हाई."

अमावास्येच्या सकाळी आम्ही दोघी मठाच्या मागं गेलो. लिंबाखाली नीलम्मा पदर खोचून बसली होती. पावसाळाभर पडून खलबत्त्यात शेवाळ धरलं होतं, वर लिंबोळ्यांचा चिकट थर. ती राखेनं घासत होती, बादलीनं पाणी ओतत होती, परत घासत होती. हातातल्या बांगड्या दगडावर वाजत होत्या. दानम्मा समोरच्या पायरीवर बसून बघत होती. थोड्या वेळानं नीलम्मा दमली, दगड उचलायला तिला जमेना. मी मदतीला उठले, तर दानम्मानं माझा पदर धरून मला खाली बसवलं.